टेंडर ४० लाखांचं, ऑर्डरी ९ लाखांच्या

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : छावणीतली बांधकामं आणि दुरुस्ती

मागच्या अंकात याच पानावर एमईएसच्या टर्म काँट्रॅक्टबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कामठीहून आली, वायुसेना नगरातून आली, पुलगावहून आली, एक तर धरमपेठेतून अमेरिकेबद्दल आलं. म्हणून या वेळचं अख्खं पान ह्याच विषयाला. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षं टेप आणि मोजणीची वही घेऊन फिरण्यात काढली, करारांच्या फायली पाहिल्या, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाचा आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच. एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, १९२३ पासूनचं खातं. लष्कर, नौदल, वायुसेना तिघांच्याही इमारती, रस्ते, पाणी, वीज हेच लोक बांधतात आणि सांभाळतात. नवीन इमारतीचं काम असेल तर ड्रॉइंग असतं, ठरलेली रक्कम असते. पण दुरुस्तीचं तसं नसतं ना, कुठला नळ कधी गळेल, कोणत्या क्वार्टरचं प्लास्टर कधी पडेल हे एप्रिलमध्ये बसून कोण सांगणार. म्हणून भाव आधी ठरवून ठेवायचा आणि काम निघेल तशी ऑर्डर द्यायची, हा टर्म काँट्रॅक्ट. पीडब्ल्यूडीत जसं डीएसआरचं पुस्तक असतं तसं इथं एसएसआर, म्हणजे ठरलेल्या दरांचं पुस्तक असतं, त्यातल्या दरांच्या इतके टक्के वर नाहीतर इतके टक्के खाली असा भाव काँट्रॅक्टर भरतो. आता पत्रं.

प्रश्न : सर, मी एमईएसमध्ये लहान क्लासचा काँट्रॅक्टर आहो. मागच्या वर्षी बी/आर चा (म्हणजे इमारती-रस्त्याचा) टर्म काँट्रॅक्ट भेटला, टेंडरवर ४० लाख लिहून होते. त्या हिशोबानं मी ६ मिस्त्री बांधून ठेवले, परांचीचे पाइप घेतले, एक जुना छोटा हत्ती हप्त्यावर उचलला. वर्ष संपलं तं ऑर्डरी सगळ्या मिळून ९ लाखाच्या. बाकीचे ३१ लाख कुठं गेले हे कोणी सांगून नाही रायलं. घरचे म्हणतात केस कर. क्लेम होते का ह्याच्यावर?
– एक वाचक, कामठी

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खरंच वाईट वाटलं, कारण अशी माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत. पण तुम्हाला गोड बोलून वकिलाच्या दारात पाठवणं मला जमणार नाही. त्या ३१ लाखांवर क्लेम उभा राहणं फार कठीण आहे.

कारण असं की टेंडरवर जो आकडा असतो तो अंदाज असतो. तेवढं काम देऊ असं खात्यानं कुठंही कबूल केलेलं नसतं, उलट कमी-जास्त होऊ शकतं असंच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तुम्ही गल्लीतल्या दूधवाल्याशी ६० रुपये लिटर ठरवलं आणि म्हणालात की रोज ४ लिटर लागेल बहुतेक, मग मुलं पुण्याला शिकायला गेली आणि तुम्ही रोज १ लिटरच घ्यायला लागलात, तर दूधवाला बाकीच्या ३ लिटरचे पैसे मागू शकतो का? नाही. पण ज्या दिवशी तुम्ही ४ लिटर सांगितलं आणि त्यानं ते दारात आणून ठेवलं, त्या दिवसाचे पैसे द्यावेच लागतात.

हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये. सुप्रीम कोर्टाचा १९६६ चा एक निकाल आहे, भारत सरकार विरुद्ध मद्दल तातय्या. प्रकरण रेल्वेला गूळ पुरवायचं, १४,००० मण उसाचा गूळ, १९४८ सालचा करार. करारात रेल्वेनं लिहून ठेवलं होतं की आम्ही केव्हाही हे रद्द करू शकतो. कोर्टानं फरक काय केला तो बघा: ज्या गुळाची रीतसर ऑर्डर गेलीच नाही, तिथपर्यंत रेल्वेला मोकळीक आहे, पण एकदा ऑर्डर दिली की तेवढ्यापुरता पक्का करार झाला, मग ते रद्द करण्याचं कलम दाखवून अंग काढता येणार नाही. आपल्याकडे भाव ठरवून ठेवलेल्या सगळ्या करारांचं आजही हेच सूत्र. भाव ठरणं म्हणजे करार नाही, ऑर्डर निघणं म्हणजे करार.

म्हणून तुमची ताकद त्या ९ लाखांत आहे. त्यातली एकेक वर्क्स ऑर्डर काढून बघा, काम पूर्ण होऊन मोजणी झाली आणि पैसे अडकले असं काही आहे का? दिलेली ऑर्डर मधेच रद्द केली आणि तुम्ही माल आणून ठेवला होता असं काही आहे का? असेल तर तिथं तुमची बाजू भक्कम आहे, लेखी मागणी करा, स्पीड पोस्टानं करा. दुसरं एक तपासा: तुमच्या मुदतीत, तुमच्याच भागातलं, तुमच्याच प्रकारचं काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं का? घेतलं असेल तर करारातलं कामाच्या व्याप्तीचं कलम एखाद्या जाणकाराला वाचायला द्या, तिथं काही वेळा मुद्दा निघतो. वादासाठी एमईएसच्या जनरल कंडिशन्समध्ये, म्हणजे ते आयएएफडब्ल्यू २२४९ नावाचं पुस्तक, त्यात ७० नंबरच्या अटीत लवादाची सोय आहे. पण जून २०२४ मध्येच अर्थ मंत्रालयानं सगळ्या खात्यांना सांगितलंय की नव्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नका आणि घातलं तरी १० कोटींच्या आतल्या वादांपुरतंच ठेवा, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या करारात काय छापलंय ते आधी बघा, जुन्या कोणाच्या कराराच्या भरवशावर राहू नका.

आणि पुढच्या वेळी भाव भरायच्या आधी एक काम करा भाऊ. त्याच भागात मागच्या ३ वर्षांत प्रत्यक्ष किती ऑर्डरी निघाल्या ते विचारा, माहिती अधिकारात मागा, जुन्या काँट्रॅक्टरला चहा पाजून विचारा. अर्ध्याच ऑर्डरी आल्या तर मुकादमाचा पगार आणि गाडीचा हप्ता निघतो का हे मांडा. निघत नसेल तर टक्का खाली नेऊ नका. शेजारचा १८ टक्के खाली गेला म्हणून आपण २० टक्के खाली जायचं, ह्या नादात कामठी रोडवरचे किती तरी कामाचे लोक धंद्यातून उठलेले मी पाहिले. मिस्त्री कायम बांधून ठेवू नका, रोजीवर ठेवा, आणि परांची भाड्यानं मिळते नागपुरात.

आता माझं मत. सगळी लवचिकता एका बाजूला आणि सगळी जोखीम दुसऱ्या बाजूला, हे बरोबर नाही. ४० लाखांचा अंदाज देताय ना, मग किमान १५ लाखांची तरी हमी द्या. माणूस त्या हमीवर भाव चांगला देईल, काम चांगलं करेल. हे अशक्य आहे असं कोणी म्हणत असेल तर त्यानं पुढचं उत्तर वाचावं.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत व्हर्जिनियाला एका बांधकाम कंपनीत आहे. परवा फोनवर म्हणाला, आमच्या कंपनीला लष्कराचं ९ कोटी डॉलरचं मॅटॉक मिळालं. मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, पेढे वाटले. नंतर तो म्हणतो की आई अजून एक पैशाचंही काम आलेलं नाही. हे काय असतं?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, पेढे वाटले ते चांगलंच केलं, मिळालेलं आहेच, फक्त काय मिळालं ते समजून घ्या. तुमच्या मुलाच्या कंपनीला रांगेत उभं राहायचा हक्क मिळाला.

तिकडं ह्या सगळ्या करारांच्या कुटुंबाचं नाव आयडीआयक्यू. म्हणजे माल किंवा काम कधी लागेल तेही ठरलेलं नाही आणि किती लागेल तेही ठरलेलं नाही, ठरलेलं असतं ते एवढंच की कोण करणार, कोणत्या प्रकारचं करणार, किती वर्षांत आणि जास्तीत जास्त कितीचं. त्यात एकाच कंपनीला दिला तर सॅटॉक, अनेक कंपन्यांना एकत्र दिला तर मॅटॉक. समजा ५ कंपन्या निवडल्या, वरची मर्यादा ९ कोटी डॉलर, तर ती मर्यादा बहुतेक वेळा पाचही जणांत मिळून असते. मग एखाद्या तळावर बराकीचं छप्पर बदलायचं निघालं की त्या ५ जणांनाच विचारतात, ते भाव देतात, एकाला टास्क ऑर्डर मिळते. मुलाच्या कंपनीला पहिल्या ३ ऑर्डरी मिळाल्या नाहीत तर घाबरायचं कारण नाही, आणि ९ कोटींच्या हिशोबानं घर घ्यायचंही कारण नाही. तिकडं संरक्षण खातं ७५ लाख डॉलर आणि त्यावरची कंत्राटं रोज जाहीर करतं, पेपरात जे मोठमोठे आकडे येतात ते पुष्कळदा असे वरच्या मर्यादेचे असतात.

ही पद्धत तिकडं एवढी पसरली त्याला १९९४ चा एक कायदा कारण आहे, सरकारी खरेदी सोपी करायचा. त्यात म्हटलं की असा करार करायचा तर शक्यतो एकालाच न देता अनेकांना द्या आणि प्रत्येक ऑर्डरच्या वेळी त्या सगळ्यांना सारखी संधी द्या. लष्कराची कोअर ऑफ इंजिनिअर्स, नौदलाचं बांधकाम खातं नॅव्हफॅक, दोघंही हेच वापरतात. लहान दुरुस्त्यांसाठी आणखी एक प्रकार आहे, जॉब ऑर्डर काँट्रॅक्ट, तो १९८० च्या दशकात बेल्जियममध्ये नाटोच्या लष्करी मुख्यालयाच्या कामांवर अमेरिकन लष्करानं सुरू केला. तो तर अगदी आपल्या टर्म काँट्रॅक्टचा सख्खा भाऊ. दरांचं जाड पुस्तक, आणि काँट्रॅक्टर फक्त एक गुणक भरतो, म्हणजे १.१० भरला तर पुस्तकातल्या दराच्या वर १० टक्के. रात्री किंवा सुट्टीत काम करायचं असेल तर त्याचा गुणक वेगळा भरायला देतात. ही गोष्ट मला फार आवडते, आपल्याकडे रात्री ११ ला पाण्याचा पंप दुरुस्त करणाऱ्यालाही दिवसाचाच दर, हे काही पटत नाही.

आणि वर कामठीच्या भावांना म्हटलं ती हमी. अमेरिकेत नियमच आहे की अशा करारात काहीतरी किमान प्रमाण कबूल करायलाच पाहिजे आणि ते अगदी नावापुरतं असून चालणार नाही, नाहीतर तो करारच बंधनकारक होत नाही. पण ह्याचीही दुसरी बाजू सांगतो म्हणजे तिकडं सगळं सोन्याचं आहे असा समज नको. २००१ साली तिकडच्या वरच्या कोर्टात एका ट्रॅव्हल कंपनीचं प्रकरण गेलं. टेंडरात कामाचा अंदाज भलामोठा होता, करारातली हमी मात्र फक्त १०० डॉलरची. काम आलं नाही. कोर्ट म्हणालं, हमी पाळली ना, मग सरकारची जबाबदारी तिथं संपली, अंदाजावर विसंबून तुम्ही काय खर्च केला तो तुमचा तुम्ही बघा. म्हणजे आपल्या दूधवाल्याचंच गणित, फक्त डॉलरमध्ये. म्हणून मुलाला विचारा ताई, ९ कोटी जाऊ दे बाळा, हमी कितीची आहे?

प्रश्न : माझे मिस्टर फौजमध्ये आहेत, सध्या फील्डमध्ये. मी दोन मुलांना घेऊन क्वार्टरमध्ये राहते. जूनपासून आतल्या खोलीचं छत गळतंय, भिंतीला हात लावला की ओला होतो. इन्क्वायरीत, म्हणजे एमईएसच्या तक्रार खिडकीवर, तीनदा गेले. म्हणतात जुना काँट्रॅक्ट संपला, नवा अजून झाला नाही. छताला काय माहिती काँट्रॅक्ट संपला म्हणून?
– एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

आधी आजचं काम. ओल जर स्विचबोर्डच्या किंवा पंख्याच्या जवळपास असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली करा आणि मुलांना तिथं झोपवू नका, आणि ही तक्रार बी/आर कडे नुसती नको, ई/एम कडे, म्हणजे वीज-यंत्रं बघणाऱ्यांकडे, वेगळी नोंदवा, करंटचा धोका म्हटलं की तिचा नंबर वर जातो. प्रत्येक वेळी तक्रारीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, तोंडी सांगून परत येऊ नका. भिंतीचे फोटो काढा, तारखेसकट. मग एक साधा अर्ज, मिस्टरांच्या युनिटच्या क्वार्टरमास्टरकडे, त्यात तिन्ही तक्रारींचे नंबर. युनिटकडून गेलेलं पत्र आणि एकट्या बाईनं खिडकीवर सांगितलेलं, ह्याला मिळणारा प्रतिसाद सारखा असायला पाहिजे पण नसतो, म्हणून हा रस्ता सांगतोय.

काँट्रॅक्ट संपला हे उत्तर अर्धंच आहे. खात्याकडे स्वतःचे कामगार असतात, थेट नेमलेले, पूर्वीपेक्षा खूप कमी झालेत पण आहेत. छतावर ताडपत्री टाकणं, फुटलेला पाइप बांधणं, पाणी जायची जागा मोकळी करणं हे त्यांच्याकडून होतं. गच्चीवरच्या पन्हाळीत पिंपळाचं रोपटं उगवून पाणी तुंबलेलं असतं आणि खाली सगळे वॉटरप्रूफिंगच्या टेंडरची वाट बघत बसतात, हे मी एकदा नाही पन्नासदा पाहिलंय. त्यांना म्हणा, काँट्रॅक्ट होईल तेव्हा होईल, आज कोणीतरी गच्चीवर चढून पन्हाळ तेवढी बघा.

आता हे का होतं, तर वर्षाच्या हिशोबामुळे होतं. टर्म काँट्रॅक्ट साधारण वर्षाचा. मार्चमध्ये जुना संपतो, नव्या वर्षाचा निधी यायला वेळ लागतो, टेंडर लागतं, पहिल्या वेळी एखादाच येतो किंवा भाव फारच वर येतात, परत टेंडर लागतं, तोपर्यंत मृग निघून आर्द्रा लागलेली असते. नागपुरात मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत स्लॅब तापतो, फुगतो, बारीक भेगा पडतात, आणि पहिल्या जोरदार पावसात त्या सगळ्या भेगा एकाच आठवड्यात बोलायला लागतात. म्हणजे ज्या महिन्यात काँट्रॅक्टर हाताशी असणं सगळ्यात गरजेचं त्याच महिन्यात तो नसतो. उपाय काही अवघड नाही. डिसेंबर-जानेवारीत टेंडरची तयारी सुरू करायची, आणि मुदत अशी लावायची की ती पावसाळ्याच्या तोंडावर संपणार नाही, ऑक्टोबर ते सप्टेंबर करा ना. छावणीत जी माणसं हे ठरवतात त्यातले काही हे पान वाचतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून मी एक भिंत आणि बाथरूमच्या टाइल्स जास्तीच्या करून दिल्या, सव्वा लाखाचं काम. आता नवीन साहेब आले, ते म्हणतात कागद दाखवा. कागद नाही. काम तर समोर उभं आहे ना?
– एक पेटी काँट्रॅक्टर, जरीपटका

उत्तर : काम समोर उभं आहे, पण फाइलीत ते नाही, आणि बिल फाइलीतून निघतं.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो, जी मला आजही टोचते. विदर्भातल्याच एका छावणीत जुन्या बराकी होत्या, कवेलूच्या. जुलैची रात्र, वादळ झालं आणि एका बराकीचं निम्मं छप्पर उडालं. खाली जवानांचे बिस्तरे ओले. तिथल्या साहेबांनी रात्रीच काँट्रॅक्टरला बोलावलं, म्हणाले, "लगा दो, ऑर्डर कल बन जाएगा." त्या माणसानं पहाटेपर्यंत कंदिलाच्या उजेडात कवेलू चढवले, वासे बदलले. साहेबांचा हेतू अगदी चांगला होता, काँट्रॅक्टरचाही चांगला होता. आठ दिवसांत साहेबांची बदली झाली. ऑर्डर राहून गेली. मला मोजायला पाठवलं तेव्हा मी शिडी लावून वर गेलो. नवे कवेलू लाल, जुने शेवाळानं काळे, त्यामुळे कोणते नवे हे विचारायची गरजच नव्हती, मी खडूनं रांगा पाडल्या आणि एकेक रांग मोजून वहीत लिहिली. सगळं लिहिलं, वर ऑर्डर नंबरची जागा मोकळी. त्या एका मोकळ्या जागेपायी त्या माणसाचे पैसे १४ महिने अडकले आणि शेवटी सगळे आलेच नाहीत. मी त्या सकाळीच ऑर्डरचा कागद तयार करून सहीला धरला असता तर? माझ्या कामात ते बसत नव्हतं, पण करायला पाहिजे होतं.

तेव्हा तुम्ही आज काय करायचं. एक, नव्या साहेबांना भांडखोर पत्र लिहू नका, झालेल्या कामाची तारखेवार हकीकत लिहा, कोणी सांगितलं, कधी सांगितलं, साइटवर कोण हजर होतं. जुन्या साहेबांना पत्र पाठवून त्यांच्याकडून लेखी खुलासा मागा, बहुतेक अधिकारी सांगितलेली गोष्ट नाकारत नाहीत. साइट ऑर्डर बुकमध्ये एखादी ओळ आहे का ते बघा, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोटो, टाइल्सची बिलं सगळं जपून ठेवा. खातं काही वेळा नंतर डेव्हिएशन ऑर्डर, म्हणजे बदललेल्या-वाढलेल्या कामाची ऑर्डर, काढून असं काम नियमित करून घेतं. दर एसएसआरमध्ये असेल तर तो लागतो, नसेल तर स्टार रेट, म्हणजे पुस्तकात नसलेल्या कामाचा नवा दर काढतात, त्यासाठी तुमच्या खरेदीच्या पावत्या लागतात, म्हणून पावती फेकू नका. आणखी एक आधार म्हणजे करार कायद्याचं, १८७२ च्या, कलम ७०: फुकट करायचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पण हा कोर्टाचा रस्ता आहे, सव्वा लाखासाठी शेवटचाच.

दोन, इथून पुढं कोणी कितीही मोठा माणूस म्हणाला तरी एक ओळ लिहून घ्यायची. लाज वाटत असेल तर तुम्हीच मेसेज टाका, "सर, आपण सांगितल्याप्रमाणे उद्यापासून भिंतीचं काम सुरू करतो, ऑर्डर नंबर कळवावा." एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मला ही भाव ठरवून ठेवण्याची पद्धतच धोक्याची वाटते. प्रत्येक कामाचं वेगळं टेंडर काढलं तर भ्रष्टाचाराला जागा राहणार नाही. आपलं मत?
– एक वाचक, महाल

उत्तर : सर, तुमची काळजी रास्त आहे. पण एका नळाच्या वॉशरसाठी टेंडर काढायचं म्हटलं तर एस्टिमेट, मंजुरी, जाहिरात, छाननी, ह्यात महिना-दोन महिने जातात आणि तोवर टाकीभर पाणी रोज नालीत जातं. तेव्हा दुरुस्तीला लवचिक करार लागतोच, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नवीन मोठी इमारत मात्र टर्म काँट्रॅक्टच्या तुकड्यांत बांधायची नसते, आणि वरची मंजुरी टाळायला एका कामाचे पाच तुकडे करायलाही नियमात बंदी आहे. संरक्षण खात्याच्या कामांची कार्यपद्धती वेगळी छापलेली आहे, २००७ ची होती, मग २०२० ची आली, कोणत्या रकमेचं काम कोण मंजूर करू शकतो हे त्यात असतं.

गडबड होते ती टेंडरच्या पद्धतीत कमी आणि मोजणीत जास्त. त्यातही झाकल्या जाणाऱ्या कामात. वॉटरप्रूफिंगचे थर ३ लिहिले आणि २ मारले, वर टाइल बसली की कोण बघणार? जुनं प्लास्टर पूर्ण खरवडून नवं करायचं होतं, खरवडलंच नाही, वरून हात फिरवला. ते ओळखायला मी खिशात एक लहान हातोडी ठेवायचो. भिंतीवर हलकेच टकटक करत गेलं की भरीव प्लास्टर टणक बोलतं आणि पोकळ जागा आली की आवाज एकदम बदलतो, रिकाम्या डब्यासारखा. तिथं खडूची खूण, आणि तेवढं माप वहीतून वजा. ह्याला काही सॉफ्टवेअर लागत नाही सर, जागेवर जावं लागतं. झाकायच्या आधी मोजणी, काँट्रॅक्टरची सही, वरच्या अधिकाऱ्याची अचानक तपासणी, आणि आता तर प्रत्येक थराचा फोटो. तिथं राहणाऱ्या माणसाची सही घेतात तीही कोऱ्या कागदावर घेऊ नये, काम बघून द्यावी, हे क्वार्टरमधल्या सगळ्या मंडळींना सांगणं आहे.

प्रश्न : रनिंग बिल टाकून दोन महिने झाले. किती दिवसांत पैसे मिळायला पाहिजे ह्याचा काही नियम आहे का?
– एक वाचक, सोनेगाव

उत्तर : आहे. अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचना आहेत. रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाच टाकलेलं बिल, दिल्यापासून कामाच्या १० दिवसांत देय रकमेच्या किमान ७५ टक्के द्यावेत आणि उरलेले तपासणी करून २८ कामाच्या दिवसांत. तुमच्या अर्जात ह्या तारखेचा उल्लेख करा. आणि बिलासोबत मोजणीची नक्कल, जीएसटीचं बिल, मजुरांच्या पीएफची चलनं पूर्ण जोडलेली आहेत ना ते बघा, कारण एक कागद कमी असला की बिल परत येतं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. जीएसटी सरकारी बांधकामावर पूर्वी १२ टक्के होता, १८ जुलै २०२२ पासून १८ झाला, जुन्या सवयीनं १२ च्या हिशोबानं भाव भरणारे अजूनही भेटतात.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला सिव्हिल करतो, शेवटचं वर्ष. एमईएसच्या कामात जायचं असेल तर काय वाचू?
– एक विद्यार्थी, हिंगणा

उत्तर : बाळा, एसएसआरचा पहिला भाग वाच. दुसऱ्या भागात दर असतात, सगळे आधी तोच उघडतात. पहिल्या भागात काम कसं करायचं, माल कसा तपासायचा, माप कसं घ्यायचं हे असतं, २००९ ची आवृत्ती जुन्या लोकांकडे अजून मिळेल, माझ्याकडेही आहे, पानं सुटलीत पण वाचता येते. संपादकांकडे तुझा पत्ता दे, मी पाठवतो. आणि वाचता वाचता रोज एक गोष्ट घरातच मोजत जा, दाराची चौकट, जिन्याची पायरी, गच्चीचा कठडा. मोजून वहीत लिही, दुसऱ्या दिवशी तीच परत मोज आणि बघ जुळते का.